बोकडानं खाल्लेलं बीज

शशधर ठाकुरांनी परातीतला धुऊन झालेला उजवा पाय उचलला, पुसायला पुढे केलेल्या पंच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि तो ओला पाय तसाच हवेत धरून जाहीर केलं,

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी कोणाचाही विश्वास बसणार नाही. बसूही नये. शहाण्या माणसाचा बसत नाही. पण आमच्या घरातलं देवीचं बीज एकदा एका बोकडानं खाल्लं."

परातीपुढे उकिडवी बसलेली झिनुक तांब्या हातात धरून तशीच राहिली.

"बोकडानं?"

"काळा कुळकुळीत. कपाळावर एवढा पांढरा ठिपका."

"दादू, आधी पाय खाली घ्या. सगळं पाणी माझ्या बाहीत जातंय."

ठाकुरांनी पाय खाली घेतला, पण परातीत नाही; पाटावर.

शशधर ठाकूर थाप मारणार हे पलाशघाट्यातले लोक त्यांच्या पायांवरून ओळखत. गुरू शिष्याच्या घरी आला की आधी त्याचे पाय धुवायचे. पाय परातीत असेपर्यंत ठाकूर देवाधर्माचं बोलत, आणि पाय बाहेर आला की थापा सुरू होत. त्यांच्या आजोबांनी गंगेत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून बीज उच्चारलं, तेव्हा कटव्याहून निघालेली आगबोट जागच्या जागी थिजली होती आणि कप्तानाला टोपी काढून माफी मागावी लागली होती. त्यांच्या गावच्या तळ्यातले मासे एकादशीला गळाला लागत नसत, कारण ते उपास करत. शहात्तर वर्षांच्या या माणसाला गावात कोणी खोटारडा म्हणत नसे. खोटारडा म्हणण्यासाठी कोणीतरी फसावं लागतं, आणि ठाकुरांच्या थापेला फसलेला माणूस अजून जन्माला यायचाय, असं लोक हसत म्हणत. ठाकूरही म्हणत. फक्त रक्षितांच्या या ओसरीवर ते हे वाक्य कधी उच्चारत नसत.

घर कांस्यकारांचं, काशाची भांडी घडवणाऱ्यांचं. मागच्या कारखान्यात सकाळपासून वाट्या ठोकल्या जात होत्या. ओसरीच्या खांबाला टेकून बिंदुबासिनी बसली होती. न्हाऊन, लाल काठाची कोरी साडी नेसून. पण पांढरीच, कारण नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि काठ तेवढा नातीच्या हट्टानं आला होता. एकाहत्तराव्या वर्षी तिचे पाय सुजत, दोन पायऱ्या चढली की दम लागे. तरीही ती सरळ बसली होती. उजवा हात पदराखाली होता आणि त्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. तो हात तसा पदराखाली गेला, की घरातली मुलंसुद्धा आवाज खाली आणत.

बोकड यायच्या आधी दहाच मिनिटं ती ठाकुरांना म्हणाली होती,

"ठाकूरमशाय, गुरुवारी मला कलकत्त्याला नेणार आहेत. छाती उघडणार म्हणे. माघारी आले तर आलेच. पण त्याआधी माझा मंत्र झिनुकच्या कानात घालावा म्हणते. आज दिवस चांगला आहे, दोघीही उपाशी आहोत, बारापर्यंत वेळ आहे. तुमचं 'हो' तेवढं पाहिजे. म्हणून तर निरोप धाडला."

ठाकुरांचे दोन्ही पाय तेव्हा पाण्यात होते. पाणी कोमट होतं, तरी त्यांच्या पोटऱ्यांवर काटा आला.

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. आईनं लेकीला, आजीनं नातीला दिलेला मंत्र शाक्तांच्या घरात गुरूच्या मंत्रापेक्षा उणा धरत नाहीत. हे त्यांनीच याच ओसरीवर वीसदा सांगितलं होतं, वर पदरची मीठमिरची लावून. देवीचं नाव कोणीही घेतं. त्या नावापुढे जे बीज लावायचं, ते दीड अक्षराचं, अर्थ नसलेलं, ते मात्र ज्याचं त्याचं. गुरू नक्षत्र बघतो, नावाचं आद्याक्षर बघतो, चौकोनांत अक्षरं मांडून हिशेब करतो, आणि जे निघेल ते एकदाच कानात सांगतो. पुढे ते कोणाला सांगायचं नाही. नवरा-बायको एका अंथरुणावर चाळीस वर्षं काढतात, एकमेकांच्या दाढा कोणत्या किडल्यात हे त्यांना ठाऊक असतं. बीज ठाऊक नसतं.

"सगळी बीजं मोबाइलवर आहेत, ठाम्मा," झिनुक म्हणाली होती. ती दोन गावं पलीकडच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि आजीला ठाम्मा म्हणताना तिचा आवाज अजून पाच वर्षांचा व्हायचा. "कोणत्या देवीला कोणतं, यादीच आहे. शेजारी जाहिरात, केस गळताहेत का."

"मोबाइलला तोंड आहे का?" बिंदुबासिनी म्हणाली. "सांगणाऱ्याच्या तोंडची वाफ कानाला लागावी लागते."

ठाकुरांनी घसा साफ केला. बावन्न वर्षं ज्या प्रसंगाची भीती बाळगली तो असा साध्या सोमवारी, पाय ओले असताना येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण तोंड सवयीचं होतं. ते धन्याआधी धावलं.

"द्या की! अवश्य द्या, बिंदू-मा. फक्त त्याआधी एक बारीकसं काम. पन्नास वर्षं जपलेल्या मंत्राला गुरूनं पुढे एक बीज जोडून द्यायचं असतं. तसा नियम आहे. दोन मिनिटांचं काम."

"कोणाचा नियम?"

"शास्त्राचा."

"सासूबाईंनी त्रेसष्ट वर्षं जप केला. त्यांना तुमच्या बाबांनी काही जोडून दिलं नाही."

"त्यांना कशाला जोडायचं? त्यांना ते पहिल्यापासून होतं."

वाक्य बाहेर पडलं आणि ठाकुरांनी ओठ मिटले, पण मिटायला उशीर झाला होता. झिनुकनं पाणी ओतायचं थांबवलं. कारखान्यात कोणीतरी एका लयीत ठोके घालत राहिलं.

"आणि मला नव्हतं?" बिंदुबासिनीनं विचारलं.

तिचा आवाज चढला नाही. पदराखालचा अंगठा मात्र थांबला होता.

तेव्हा ठाकुरांनी पाय उचलला, आणि बोकड जन्माला आला.

"बावन्न वर्षांपूर्वीचा फाल्गुन," ठाकूर आता मांडी घालून बसले. "आमच्या बाबांना अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. मंत्र कानात सांगणार कसा? बरं, तुमच्या सासूबाईंचा निरोप आलेला, नव्या सुनेची दीक्षा याच महिन्यात व्हायला पाहिजे. मग बाबांनी डाव्या हातानं कोष्टक मांडलं. तीन दिवस मांडत होते. शेवटी डाळिंबाची काडी रक्तचंदनात बुडवून बेलाच्या पानावर बीज लिहिलं, पान दुमडलं, लाल दोऱ्यानं बांधलं आणि माझ्या हातात दिलं. खुणेनं सांगितलं, वाटेत उघडायचं नाही. तिथे जा, आंघोळ कर, पूजा मांड, मग उघड. वाच, तिच्या कानात सांग, पान गंगेत सोड."

"म्हणजे ते ठाम्माचं बीज होतं," झिनुक म्हणाली.

"तेच तर सांगतोय. मी नावेत चढलो. नाव खचाखच. कोळी, विणकर, एक नवरदेव, त्याचे सतरा वऱ्हाडी. आणि माझ्या मांडीला मांडी लावून हा बोकड. गळ्यात जास्वंदीची माळ, पलीकडच्या कालीला बळी द्यायला चाललेला."

"पान कनवटीला नव्हतं खोचलं?"

"देवीचं बीज कमरेला खोचायचं? तुला शाळेत कोणी नोकरी दिली? हातात होतं. असं, छातीशी. नाव मध्यावर आली, वाऱ्याचा एक झोत आला, मी उपरणं सावरायला हात किंचित खाली घेतला, आणि कचकन!"

झिनुक हसली. बिंदुबासिनी हसली नाही. तिनं खांबावरचं डोकं थोडं पुढे घेतलं.

नाव खरी होती. पान खरं होतं, दोरासुद्धा लालच होता. बोकडाचा मात्र एक केसही खरा नव्हता.

चोवीस वर्षांचा शशधर त्या दिवशी नावेत बसला तेव्हाच त्याचं डोकं तापलेलं होतं. बापानं त्याला मंत्र दिला होता तो साधा, लहान, गावात निम्म्या लोकांचा असेल असा. घरात सात पिढ्यांपासून एक मोठं बीज होतं. आजोबांना ते मिळालं होतं, त्यानंतर कोणाच्या कोष्टकात ते बसलं नव्हतं. शशधरनं बापाकडे ते मागितलं होतं. एकदा नाही, तीन वेळा. बापाची जीभ तेव्हा चालत होती. "ते तुझ्या वाट्याचं नाही," एवढंच त्यानं म्हटलं होतं, आणि तिसऱ्या वेळी तेवढंही नाही.

नदीच्या मध्यावर शशधरनं दोरा सोडला. नुसतं बघू म्हणून. पान उलगडलं आणि त्यावर चंदनात ते मोठं बीज होतं, त्यानं आजवर कोणत्याच पानावर न पाहिलेलं. डाव्या हातानं बापाची बाकी सगळी अक्षरं वाकडी यायची, एवढीच सरळ आली होती. भांडी ठोकणाऱ्या घरातल्या, एकोणीस वर्षांच्या, जिला कधी पाहिलंही नव्हतं अशा मुलीसाठी.

त्यानं ते एकदा मनात म्हटलं. मग ओठांनी म्हटलं. मग पलाशघाट्याचा घाट जवळ येऊ लागला तेव्हा पान पाण्यात सोडवेना. पाण्यात सोडलं की ते सगळ्यांचं होणार असं काहीतरी त्याला वाटलं. त्यानं ते तोंडात टाकलं आणि चावून गिळलं. बेलाचं पान कडवट असतं. दुपारी पूजा मांडून त्यानं त्या मुलीच्या कानापाशी तोंड नेलं, आणि देवीचं नुसतं नाव सांगितलं, मागे एक नमः लावून.

"मग पुढे?" झिनुकनं पंचा त्यांच्या पायावर टाकला. "बोकडाला जुलाब झाले?"

"जुलाब? अगं, बोकडाचा आवाज गेला! बें करायला तोंड उघडलं ते तसंच मिटलं. डोळे मिटले. मान उत्तरेला वळली. नाव आपोआप उलटी, प्रवाहाविरुद्ध चालायला लागली, नावाडी वल्ही वर घेऊन रडतोय. देवळात नेलं, तर खांडा बोकडाच्या मानेला लागताच मेणासारखा वाकला. दुसरा आणला, तोही वाकला. तिसरा आणायला माणूस गेला तो परत आलाच नाही, आसाममध्ये चहाच्या मळ्यात नोकरीला लागला असं नंतर कळलं. शेवटी बोकडाला सोडून दिलं. तो वडाखाली जाऊन बसला आणि सकाळ-संध्याकाळ रवंथ करायला लागला. एकशे आठ वेळा. मी स्वतः मोजले. एकशे नववा घास नाही म्हणजे नाही."

"आणि लोक पाया पडायला लागले."

"लागले म्हणजे! कटव्याहून एक वकील आला, फौजदारी खटल्याचा कौल लावायला."

"जिंकला?"

"हरला. बोकडानं मान डावीकडे हलवली होती, त्यानं आपल्या डावीकडे समजली."

झिनुक ओंजळीत तोंड खुपसून हसायला लागली. ठाकुरांनी नेहमीप्रमाणे हसणाऱ्याकडे न बघता न हसणाऱ्याकडे पाहिलं. बिंदुबासिनी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. वाटीला कुठे तडा आहे का ते पाहावं तशी.

"म्हणजे मला बीज मिळालंच नाही," ती म्हणाली.

"बोकडाच्या पोटात गेलं ना, मा. मी काय करणार? तुमच्या कानात मग मी नुसतं नाव..."

"हळू!" ती एकदम म्हणाली आणि तिचा हात पदराबाहेर आला. "पोरीसमोर बोलू नका. माझा मंत्र आहे तो."

ठाकूर थबकले. इतका वेळ ते गोष्टीच्या उतारावर होते, आता पुढे पायाखाली काही नव्हतं.

"त्यात लपवण्यासारखं काही नाही, बिंदू-मा," ते हळूच म्हणाले. "ते नाव घाटावरचा भिकारीसुद्धा घेतो."

कोपऱ्यातल्या वाटीत ठाकुरांसाठी कुरमुऱ्यांची मुडी काढून ठेवली होती, तिच्यावर नव्या खजुरी गुळाचा खडा. तिच्याभोवती एक माशी फिरत होती. कोणी हाकलली नाही.

"आमच्यात कथील कमी पडलेली वाटी दिसायला तशीच असते," बिंदुबासिनी म्हणाली. "गिऱ्हाईक वाजवून बघतं म्हणून कळतं. मी कुठे वाजवून बघणार होते?"



"हे गेले तेव्हा," ती पुढे म्हणाली, म्हणजे नवऱ्याबद्दल, "शेवटच्या दिवशी चांगले शुद्धीवर होते. मला म्हणाले, बिंदू, आता मी चाललोच, आता तरी सांग तुझा मंत्र काय आहे. मी कोणाला सांगणार आहे? नुसती चेष्टा करत होते. पण दोनदा विचारलं. मी नाही सांगितला. पाप लागेल म्हटलं. तोंड फिरवून घेतलं त्यांनी. रागानं नाही. पण फिरवलं."

झिनुकचं हसू कधीच गेलं होतं. ती आजीच्या जवळ सरकली, पण तिला हात लावायचं धाडस तिला झालं नाही.

ठाकुरांनी पंचा उचलला आणि कोरडे झालेले पाय पुन्हा पुसायला सुरुवात केली. दरवर्षी अग्रहायण महिन्यात ते या घरी येत. दरवर्षी नावेत ठरवत की या खेपेला सांगायचं. ओसरीवर आलं की ते विचारत, "जप चालू आहे ना, मा?" आणि ती म्हणे, "आहे." त्या एका "आहे"नंतर त्यांना जी थाप सुचे ती वर्षातली सगळ्यांत मोठी असे. गावाला वाटे, रक्षितांकडचा गूळ ठाकुरांच्या जिभेला मानवतो.

"पण बोकड काही सुखी नव्हता," ते म्हणाले.

हे त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. गोष्ट खरं तर वकिलापाशी संपत होती.

"का?" झिनुकनं विचारलं. आवाजात आता चेष्टा नव्हती. "लोक पाया पडत होते ना?"

"म्हणूनच. त्याला ते लागलंच नाही. दुसऱ्याच्या नावानं निघालेलं होतं ना. रवंथ करायचा, करायचा, एकशे आठ पुरे करायचा, आणि पोट रिकामं. डोळे मिटले की त्याला पाटावर बसलेली एक मुलगी दिसायची. घुंघट थोडा मागे घेतलेला, कान पुढे केलेला. वाट बघत असलेली. तो घाईघाईनं डोळे उघडायचा. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचा."

"मग त्यानं परत का नाही केलं?"

"बोकडाला बोलता येतं का, झिनुक?"

"एकशे आठ मोजता येतात, खटल्याचा कौल देता येतो, आणि बोलता येत नाही?"

ठाकुरांनी उत्तर शोधलं. पन्नास वर्षांत असं कधी झालं नव्हतं की त्यांना उत्तर शोधावं लागलं. उपरण्याचं टोक त्यांच्या बोटांत आलं होतं, त्याची त्यांनी बारीक गुंडाळी केली, उलगडली, पुन्हा केली.

"लाजला असेल," ते शेवटी म्हणाले. "पहिल्या वर्षी लाजला. दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाचीही लाज वाटायला लागली. अशी लाज वाढत जाते. बोकडाला उमजत नाही कुठे थांबायचं."

"किती वर्षं जगला तो?"

"अजून आहे."

"दादू, बोकड पंधरा वर्षांवर जगत नाही."

"हा जगला. बीज होतं ना पोटात. बावन्न वर्षं जगला, दाढी पिकली, दात गेले." ठाकुरांनी आपल्याही नकळत हनुवटीवरून हात फिरवला आणि तो चटकन मांडीवर ठेवला.

मग ते गुडघ्यांवर हात देऊन उठले, दोन पावलं चालून बिंदुबासिनीच्या समोर आले आणि खाली बसले. पाटावर नाही, जमिनीवर. गुरूनं शिष्येसमोर असं बसायचं नसतं. झिनुक अर्धी उठली, तिला कळेना काय करावं.

"बिंदू-मा," ठाकूर म्हणाले, "बारा वाजायचेत अजून. ते बीज मी तुम्हाला आत्ता देतो. तुमचंच आहे. कान पुढे करा. मग तुम्ही झिनुकला द्या, आणि गुरुवारी निर्धास्त जा. मी पुन्हा ते उच्चारणार नाही. देवीची शपथ."

"पुन्हा?" बिंदुबासिनी म्हणाली.

"आणि दादू," झिनुकनं मध्येच विचारलं, "पान तर बोकडानं खाल्लं. उघडायच्या आत. त्यावर काय लिहिलं होतं ते तुम्हाला कसं ठाऊक?"

ठाकुरांनी मान वर केली नाही. क्षणभर असं वाटलं की आता ते बोलतीलच. ओठ उघडले. पण बावन्न वर्षं ज्या तोंडानं एकच काम केलं होतं, ते याही वेळी धन्याच्या पुढे धावलं.

"त्याच्या तोंडाच्या हालचालीवरून ओळखलं," ते म्हणाले. "मी शेजारीच होतो ना. त्यानं असं जबडा उजवीकडे नेला, मग डावीकडे, मग ओठ मिटून नाकातून एक हुंकार. म्हटलं, हे तर अमुकच बीज. दुसरं असूच शकत नाही. मग त्या वेळी देवी स्वतः बोकडाच्या डोळ्यांतून माझ्याकडे बघून..."

"खोटं," बिंदुबासिनी म्हणाली.

ती रागावलेली दिसत नव्हती. तिचा उजवा हात मांडीवर उघडा पडला होता, पेरं वर करून.

"त्या नावेत बोकड नव्हता, ठाकूरमशाय. मी घाटावर होते. दीक्षेचीच आंघोळ करायला सासूबाईंनी पाठवलं होतं. नावेत नावाडी होता, वांग्यांच्या दोन पाट्या होत्या आणि तुम्ही होतात. पान तुम्ही खाल्लंत. घाईघाईनं, इकडे-तिकडे बघत. मी पदराआडून पाहिलं, आणि मला वाटलं, माझ्या दीक्षेपायी बिचारा सकाळपासून उपाशी असेल."